भाजीचं पाणी

सुताराने पालक आणि बटाट्याच्या फोडी गाळणीत उपसल्या आणि खालच्या पातेल्यातलं हिरवट पाणी सिंकमध्ये न ओतता धुतलेल्या तांदळावर ओतलं. मग फळीवरच्या खिळ्यांच्या डब्यामागून पुडी काढली. पुडीवर पळणाऱ्या माणसाचं चित्र होतं. आत वाळलेला पाला, जवस, भोपळ्याच्या बिया, सगळं एकत्र दळलेलं. "सुपरफूड आहे काका," दुकानदार म्हणाला होता. "रोजच्या जेवणात चमचाभर मिसळा. अंथरुणातलं माणूस उठून चालायला लागतं." सुताराने दोन चमचे घातले आणि झाकण ठेवलं.

बायकोची मूत्रपिंडं कामातून गेली होती. दोन-तीन दिवसांआड तिला मशीनवर रक्त धुवून घ्यायला न्यावं लागे. पालेभाजी अगदी थोडी, फळं आणि बिया बंद, आणि जी भाजी करायची ती उकळून पाणी फेकून द्यायचं, असं पथ्य होतं. मुलगा परगावी नोकरीला. घराचा गाडा सून ओढत होती. सकाळी भाजी चिरून, भिजत घालून ती कामावर जायची आणि चपला घालता घालता रोज तेच बजावायची.

"बाबा, पाणी आठवणीने फेका हं."

"एवढं कळतं मला," तो म्हणायचा.

पण ते त्याला कळत होतं कुठे? तो हाडाचा सुतार. लाकूड सुकून तडकायला लागलं की त्याला तेल पाजायचं, एवढंच तो जन्मभर करत आला होता. आणि इथे तर बायको डोळ्यांदेखत सुकत चालली होती. सगळा कस पाण्यात उतरणार, ते पाणी गटारात जाणार आणि तिच्या वाट्याला नुसता चोथा. हे कसलं औषधपाणी? सुनेशी वाद घालून काही उपयोग नव्हता. म्हणून तो मान डोलवायचा आणि ती गेली की आपल्याला पटेल ते करायचा.

भात घेऊन तो आतल्या खोलीत आला. बायकोची खाट स्वयंपाकघराच्या भिंतीला लागून होती. तिला टेकवून बसवताना तिचा दंड त्याच्या मुठीत पुरा मावला.

"आज पण हिरवाच का?" ताटाकडे बघत ती म्हणाली.

"पालक लागलाय कडेने."

"रोजच बरा लागतो तो कडेने!"

"गप जेव. जन्मभर तुझ्या हातचं मुकाट्याने खाल्लं मी."

"मुकाट्याने? मीठ कमी पडलं की आळी गोळा करायचा तुम्ही."

तो हसला. तिने सगळा भात संपवला, बोटं चाटली, आणि ताट निरखून त्याच्या हातात दिलं. ताट स्वच्छ झालेलं बघून त्याला वाटलं, तेल मुरतंय.

पुढच्या वेळी मशीनवर घेण्याआधी डॉक्टरीणबाईंनी रक्ताचा कागद पुन्हा पुन्हा पाहिला. मग सुनेला जवळ बोलावलं.

"पोटॅशियम फार वाढलंय. अशाने हृदय कधीही बंद पडू शकतं, झोपेतसुद्धा. स्वयंपाक कोण करतं?"

"मीच. म्हणजे, चिरून मी ठेवते." सून गडबडली. "उकळतात बाबा."

"पाणी फेकता ना?"

दोघींनी सुताराकडे पाहिलं.  

"केळी खाल्ली मी," पलंगावरून बायको म्हणाली. "चोरून. शेजारीण आणून द्यायची."

सून तिच्याकडे बघतच राहिली. "आई, इकडे मी भाज्या धुऊन धुऊन हात सोलून घेतेय, आणि तुम्ही केळी खाताय?"

"खावीशी वाटली."

"आणि ती बाई! रोज दारात उभी राहून विचारते, कशी आहे तब्येत."

"तिला काही बोलू नकोस. मीच मागितली."

तिला मशीनवर घेतल्यावर सुतार नळीतून जाणारं रक्त बघत उभा राहिला. आत्ता सांगावं, असं त्याला दोनदा वाटलं. दोन्ही वेळा त्याने नुसती खिशातली पेन्सिल चाचपली.

घरी आल्यावर सून औषधं आणायला गेली, तेव्हा तो खाटेच्या कडेला टेकला.

"तुला माहीत होतं?"

तिने मान न वळवता मागच्या भिंतीवर बोट टेकवलं. "सिंकचा पाइप इथून जातो. ओंजळभर पाणी टाकलं तरी उशाशी खळखळतं. तुम्ही ताटवाटी धुता ते ऐकू येतं. भाजीचं पाणी कधी गेलंच नाही."

"मग बोलली का नाहीस? मला कुठे ठाऊक होतं त्यानं असं होतं? मला वाटलं, अंगी लागेल."

"माहीत आहे मला. तुम्ही जिवापाड करत होता."

"पण तुलाही ठाऊक नव्हतं ना?"

तिने भिंतीवरचं बोट काढून घेतलं.

"पहिल्याच दिवशी सांगितलं होतं डॉक्टरीणबाईंनी," ती म्हणाली. "त्या पाण्यानं काय होतं ते. तुम्ही बाहेर रिक्षा बघायला गेला होता."

एवढं बोलून तिने पांघरूण गळ्यापर्यंत ओढून घेतलं.  चाटूनपुसून स्वच्छ केलेली ताटं त्याच्या डोळ्यांसमोर एकेक करून येत राहिली. सुनेच्या चपला दारात वाजल्या तरी त्याला उठता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सून कामावर गेल्यावर त्याने पुडी फाडून कचऱ्यात झटकली. दुधीच्या फोडी उकळल्या, गाळणीत उपसल्या, आणि पातेलं सिंकवर धरून तो थोडा थांबला. मग तिरपं केलं. पाणी आवाज करत भिंतीत उतरलं. शेवटचा थेंब जाईपर्यंत त्याने पातेलं तसंच धरून ठेवलं.

ताट घेऊन तो आत आला. ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. तळहात पाइपाच्या जागी भिंतीवर सपाट टेकवलेला.

"ऊठ. गरम आहे तोवर खाऊन घे."

तिने वळून ताटाकडे पाहिलं. भात पांढराशुभ्र होता.

"ठेवा तिथे," ती म्हणाली. "आज भूक नाही."