सोमवारच्या बाटल्या

दर तीन महिन्यांनी, सोमवारी सकाळी सात वाजता, तेलशुद्धीकरण कारखान्याच्या दवाखान्यासमोर कामगारांची रांग लागायची. तिथली नर्स, जिला सगळे ताई म्हणत, प्रत्येकाच्या हातात नाव लिहिलेली बाटली द्यायची आणि लघवीचा नमुना आला की फॉर्मवर सही करायची. तेलाच्या वाफेतलं विषारी बेंझीन अंगात किती गेलं, ते त्यातून कळायचं. अकरा वर्षांत एकही अहवाल वाईट आला नव्हता.

"ताई, यंदाही पास कर हं!"

"शाळेत कधी झाला नाहीस, इथे तरी हो."

रांगेत तिचा धाकटा भाऊही असे. त्याला सगळे मापाडी म्हणत. टाकीवर चढायचं, झाकण उघडायचं, फीत आत सोडून तेलाची पातळी मोजायची, हे त्याचं काम. झाकण उघडलं की वाफ थेट तोंडावर येई.

यंदा त्याला टाकीचा जिना चढताना धाप लागू लागली. हिरड्यांतून रक्त, दंडावर निळे डाग. ताईनेच रक्त तपासून घेतलं. पेशी निम्म्यावर आल्या होत्या.

कारखान्याच्या डॉक्टरांनी फाइल उघडली. "कामाचा संबंध नाही. चव्वेचाळीस नमुने, सगळे स्वच्छ. खाली सह्या तुमच्याच आहेत."

"निदान टाकीवरून तरी उतरवा त्याला."

"कोणत्या आधारावर?"

फॉर्मवर छापलेलं होतं: 'नमुना शिफ्ट संपताना घेतला.' शिफ्ट सहाला संपे आणि दवाखाना चारला बंद होई. म्हणून नमुने सकाळी, तेही रविवारच्या सुट्टीनंतर घेतले जात. तोवर अंगातलं सगळं निघून गेलेलं असे.

गुरुवारी संध्याकाळी सहा वाजता ताई बाटली घेऊन टाक्यांजवळ उभी राहिली.

"इथे? लोक हसतील ना."

"लाजतोस कुणाला? तुझी दुपटी मीच धुतलीत."

अहवालातला आकडा मर्यादेच्या सहापट होता.

"हा नमुना नियमाबाहेर घेतलाय," डॉक्टर म्हणाले.

"नियमात बसणारा हा एकच आहे."

"आणि ते चव्वेचाळीस?"

"चुकीच्या वेळी घेतलेले. माझ्या खोट्या सह्या."

"तसं लेखी द्याल? नोकरी जाईल."

तिने अर्ध्या पानाचा कागद लिहिला आणि देण्याआधी भावाच्या घरी नेला. त्याने तो दोनदा वाचला.

"शिफ्ट संपताना घ्यायचा असतो, हे तुला कधी कळलं?"

"पहिल्याच वर्षी. डॉक्टरांना विचारलं होतं. म्हणाले, तेवढ्यासाठी दोनशे माणसांच्या बस अडवून ठेवायच्या का?"

"मग तू काय केलंस?"

"सह्या."

भावजय पाणी घेऊन बाहेर आली आणि दोघांची तोंडं पाहून दारातच थांबली.

"देऊन टाक हा कागद त्यांना," भाऊ म्हणाला. "आणि काही दिवस इकडे येऊ नकोस."

तिने कागद डॉक्टरांना दिला. आठवड्याभरात मापाड्याची बदली भांडारात झाली. चौकशी संपेपर्यंत ताईला घरी बसवलं. उरलेल्या दोनशेजणांचं काय करायचं, ते ठरलं नाही.

दर शनिवारी भावजय फोन करून पेशींचा आकडा सांगे. तो घसरतच होता. भाऊ शेजारीच बसलेला असे. त्याचा खोकला ताईला ऐकू येई, पण तो फोन हातात घेत नसे.