भुशाचं कारंजं

तिने भुशाला लाल रंग दिला आणि प्रोग्राम पुन्हा चालू केला.

पाठीमागच्या टेबलावरचा सहकारी खुर्ची सरकवत जवळ आला. दोघं कित्येक वर्षं एकाच खोलीत पाठीला पाठ लावून बसत होते. त्याचं सगळ्यांशी पटायचं, हिचं कुणाशीच नाही, त्यामुळे दोघांचं छान जमायचं.

"आता हे कशाला उकरून काढतेस?" त्याने विचारलं.

"बघायचंय."

"काय बघायचंय?"

"कारंजं कशाचं आहे ते."

त्याने दाराकडे पाहिलं. या इमारतीत कारंज्याबद्दल असं बोलायची पद्धत नव्हती.

सगळा विभाग त्या कारंज्यावर जगत होता. दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांभोवती घिरट्या घालत शेवटी धडकतात. तेव्हा भोवतालचं अवकाश कसं वाकतं आणि ताऱ्यांमधलं द्रव्य कसं वाहतं, याचं गणित इथली यंत्रं महिनोन्‌महिने करत बसायची. धडकेनंतर उसळणारं द्रव्याचं निळं कारंजं विभागप्रमुख असलेल्या सरांनी सगळ्यांच्या आधी दाखवलं. त्या एका चित्राने सरांना पारितोषिकं मिळाली, विभागाला नवी इमारत मिळाली आणि जिन्यात भिंतभर पोस्टर लागलं. बाहेरचे लोक त्यांना 'कारंजेवाले' म्हणत. सर वरवर कुरकुरत, पण त्यांना ते मनापासून आवडे.

आणि भुसा? हा शब्द छापील लेखात कधी येत नसे. तिथे त्याला चांगलं भारदस्त नाव होतं. ताऱ्यांच्या बाहेर पोकळी असते, म्हणजे घनता शून्य. पण प्रोग्रामला शून्य पचत नाही. शून्याने भागायची वेळ आली की बिचारा कोसळतो. म्हणून रिकाम्या जागेत अगदी विरळ असा खोटा वायू भरून ठेवायचा; तोच भुसा. पुढे कुठे गणित बिघडलं की प्रोग्राम गुपचूप तिथे चिमूटभर भुसा टाकतो आणि पुढची वाट धरतो. जगभर सगळे हेच करतात, आणि त्यात लबाडी काही नाही. फक्त एकूण किती टाकला, हे इथे कुणी मोजलं नव्हतं. आता रंगामुळे ते दिसणार होतं.

आठवड्याने उत्तर आलं. तारे निळे, भुसा लाल. धडक झाली, कारंजं उसळलं, आणि ते लालभडक होतं. तळाशी जेमतेम निळी झाक, बाकी सगळा भुसा. तिला आधी खुदकन हसू आलं आणि लगेच ते मावळलं. तिने भुसा शंभरपट कमी करून प्रोग्राम पुन्हा चालवला. या वेळी कारंजं जवळजवळ नव्हतंच.

"बापरे," सहकारी म्हणाला. "आता गं?"

"आता सरांना दाखवते."

"अगं, वर्षअखेरीला तुझी नेमणूक संपतेय. मुदतवाढीवर सही त्यांची. जरा दम धर ना. सही होऊ दे, मग दाखव."

"परिषद त्याच्या आधी आहे. तिथे मी उभी राहून निळं कारंजं दाखवू?"

"सगळे दाखवतात तसं दाखव."

"तुझं बरं आहे," ती म्हणाली. "तुला झोप येते."

सरांनी फिल्म उभ्यानेच पाहिली. मग पुन्हा पाहिली. मग खोलीचं दार लावून घेतलं.

"भुसा सगळेच भरतात," ते म्हणाले.

"भरतात, सर. पण विकत नाही कुणी."

तोंडातून गेलं खरं. सरांचे कान लाल झाले. विद्यार्थी असल्यापासून ती त्यांना ओळखत होती. ते ओरडले असते तर तिला हायसं वाटलं असतं. ते ओरडले नाहीत.

"समुद्रापलीकडच्या गटालाही कारंजं मिळालंय. त्यांचा प्रोग्राम वेगळा, माणसं वेगळी. ती काय मूर्ख आहेत?"

"भुसा किती धरायचा हा आकडा त्यांनी तुमच्याच जुन्या लेखातून उचललाय. मी विचारून घेतलं."

सर खिडकीशी गेले, परत आले.

"हे बघ, आपण हे शांतपणे तपासू. वर्षभर घेऊ. परिषदेत ठरलेली फिल्म दाखव."

"मी हीच दाखवणार."

"मग माझं नाव काढ त्यावरून."

"नाही काढणार. प्रोग्राम तुमचा, आकडा तुमचा. नाव राहील."

"बाईसाहेब," सर म्हणाले. चिडले की ते तिला असंच म्हणत. "तुमच्या मुदतवाढीवर माझी सही लागते. ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे, सर. तरी आलेय."

रविवारी ती आईकडे गेली. आई निवृत्त वकील. तिच्यासमोर काही सांगायचं म्हणजे उलटतपासणी ठरलेलीच.

"थांब, थांब," आई म्हणाली. "म्हणजे उशीत कापूस कमी होता म्हणून भुसा कोंबला. आणि मग जगभर सांगत सुटले, बघा आमचा कापूस किती गुबगुबीत?"

"साधारण तसंच."

"आणि कोंबला तो मुद्दाम?"

"नाही गं. कुणाच्या लक्षातच आलं नाही."

"आता आलं ना? मग आता जे बोलतील ते मुद्दाम." आईने चष्मा काढून पुसला. मग आवाज खाली आला. "नोकरी जाईल का गं तुझी?"

"जाईलसं वाटतं."

"काय सांगू तुला मी? गप्प बस म्हणवत नाही, आणि भांड म्हणायला जीव धजत नाही." आईने चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. "गेलीच तर इकडे ये राहायला. पण भांडी तू घासायची."

"वकीलबाई, ही धमकी आहे की आधार?"

"जे लागेल ते समज."

दोघी हसल्या. निघताना आईने उगाचच तिची ओढणी नीट केली आणि दारातच उभी राहिली. लिफ्टमध्ये शिरल्यावर मात्र तिला रडू आलं. काम तिला हवं होतं. ही यंत्रं, ती पाठीमागची कुरकुरणारी खुर्ची, सगळं हवं होतं. भीती वाटत नाही असं ती कुणाला म्हणाली असती तर ते सपशेल खोटं ठरलं असतं.

परिषदेचं सभागृह गच्च भरलं होतं. सर पहिल्या रांगेत, हाताची घडी घालून. तिने पहिलं चित्र लावलं. त्यावर दोघांची नावं होती. मग फिल्म सुरू केली. तारे घिरट्या घालत जवळ आले, धडकले, आणि पडदाभर लाल कारंजं उसळलं.

"लाल म्हणजे आम्ही भरलेला भुसा," ती म्हणाली. गडबडीत तोच शब्द तोंडी आला. कुणीतरी फिस्सकन हसलं आणि एकदम शांत झालं.

समुद्रापलीकडच्या गटाच्या प्रमुख बाई मधल्या रांगेत होत्या. त्या भाषण संपायची वाट न बघता उठल्या. त्यांचा चेहरा उतरला होता.

"हा आकडा मुळात ठरवला कुणी? आणि कशावरून?"

तिने माईक जवळ घेतला, पण त्याआधीच पहिल्या रांगेतली खुर्ची वाजली. सर उभे राहिले होते.

"मी," ते म्हणाले.

एवढं ते बोलतील असं तिला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

"प्रोग्राम लिहिला तेव्हा ठरवला. त्या वेळच्या यंत्रांवर याहून कमी घेतला की प्रोग्राम कोसळायचा. म्हणून एवढा. दुसरं काही कारण नाही." लोक हसले; प्रेमाने हसले. सरांनी कुणाच्या तरी हातातला माईक घेतला आणि श्रोत्यांकडे वळले. "मित्रहो, विज्ञान असंच पुढे जातं. आपली चूक आपणच शोधायची. आम्हाला गेले काही महिने ही शंका येतच होती, तेव्हा मी ठरवलं, की काहीही होवो..."

मागून टाळ्या सुरू झाल्या. बघता बघता त्या पुढच्या रांगांपर्यंत आल्या. सर बोलत बोलतच मंचाची पायरी चढले आणि तिच्याकडे न बघता त्यांनी रिमोटसाठी हात पुढे केला.

तिचा हातही पुढे गेला. सवयच होती, इतक्या वर्षांत ज्या ज्या सभेत त्यांनी असा हात केला, तिथे तिने रिमोट दिला होता. अर्ध्या वाटेवर हात थांबला.

"सर, तुम्ही बसा," ती माईकमध्ये म्हणाली. "भाषण माझं चालू आहे."

टाळ्या विरल्या. सरांनी आता प्रथमच तिच्याकडे पाहिलं. पुढे केलेला हात थोडा वेळ तसाच राहिला, मग त्यांनी तो खिशात घातला. मुदतवाढ गेली, हे तिला तिथेच, त्या खिशात जाणाऱ्या हाताकडे बघताना कळलं. सर पायरी उतरले आणि आपल्या जागी जाऊन बसले.

"आता भुसा कमी करते," ती श्रोत्यांना म्हणाली. "काय उरतं ते बघा."

आणि तिने बटण दाबलं.