कढीचे द्रोण

दुसरा खोका उघडला आणि कामिनीचा हात तिथंच थांबला.

पहिल्या खोक्यातल्या ताटल्या तिनं मागवल्या होत्या तशाच होत्या, उसाच्या चोथ्याच्या, मातकट, हाताला खरखरीत. या खोक्यातले द्रोण रंगानं तसेच, पण आतून चकाकत होते. तिनं एकाची कड नखानं ओरबाडली. पातळ पापुद्रा सुटून आला. ओढला तर लांबला, पण तुटला नाही.

खोक्यावर हिरवं पान छापलं होतं आणि त्याखाली मोठ्या अक्षरांत ‘बायोडिग्रेडेबल’.

मांडवात काल्याचं कीर्तन रंगात आलं होतं. नागपूरच्या महाल भागातल्या त्या अरुंद गल्लीत मुरलीधराचं देऊळ तसं लहानसंच, पण मार्गशीर्षातल्या सप्ताहाला अरुंधतीताई कीर्तनाला उभ्या राहायच्या आणि माणसं पायऱ्यांवर, समोरच्या ओट्यांवर मिळेल तिथं बसायची. ताईंचा आवाज आता सत्तरीला टेकलेला, वरच्या सुरात जरासा फाटायचा. पण ‘गोपाळ सवंगडी’ म्हणताना त्या अशा हसायच्या की ते सवंगडी त्यांच्याच आळीतले असावेत.

देवळाची एक जुनी रीत होती. प्रसाद तयार झाला की मागच्या स्वयंपाकघराच्या दारात आरतीचं ताट दिसायचं. ते दिसलं की कीर्तनकारांनी आख्यान आवरतं घ्यायचं, त्याआधी नाही. आज ते ताट कामिनीच्या ताब्यात होतं. निरांजनात तूप घातलेलं, कापूर ठेवलेला. भात झाला होता, डाळीचे गोळे वाफवून झाले होते, कढीला उकळी आली होती. ताट दारात न्यायचं तेवढं राहिलं होतं.

“अहो,” तिनं नवऱ्याला हाक मारली. “हे द्रोण कोणी आणले?”

जितेंद्र कढी ढवळत होता. त्यानं मान वर केली नाही, त्यावरूनच तिला कळलं.

“मीच आणले.”

“काहून?”

“काहून म्हणजे? घरी पाहिलं नाही काय तू? तुह्या त्या चोथ्याच्या द्रोणात गरम कढी ओतली अन् थोड्या वेळानं बूड ओलं झालं. इथं चारशे माणूस आहे. द्रोण भरून टेबलावर मांडून ठेवा लागते. एखाद्या म्हातारीच्या हातावर फुटला तर? धंतोलीत तुह्या मेसचं नाव चांगलं आहे, ते इथं पहिल्याच कामात घालवू काय?”

“मले सांगायचं होतं ना मग.”

“सांगितलं असतं तर आणू दिले असते काय तू?”

कामिनीनं सुटलेला पापुद्रा त्याच्यासमोर धरला.

“दुकानदार म्हणे कम्पोस्टेबल अन् बायोडिग्रेडेबल दोन्ही एकच आहे,” जितेंद्रनं हळूच जोडलं. “पर्यावरणवालंच आहे म्हणे.”

“एक नाही ना हो ते! कम्पोस्टेबल म्हणजे खताच्या खड्ड्यात टाकलं की ठरल्या मुदतीत माती होते. हे म्हणजे कधी तरी, कशानं तरी झिजेल. खाली काय उरेल ते कोणीच लिहून देत नाही.” तिचा आवाज चढला होता. तिनं तो आवरला. “काय उरते ते वामनकाकांनी दाखवलं नव्हतं काय?”

सावनेरजवळ वामनरावांचा संत्र्याचा बगीचा होता. सप्ताहाचं सगळं उष्टं-खरकटं, ताटल्या-द्रोणांसकट, ते दरवर्षी आपल्या टेम्पोत भरून नेत आणि खड्ड्यात घालत. देवाचा प्रसाद कचरागाडीत जाऊ नये एवढीच त्यांची त्यामागची भावना. मागच्या वर्षीच्या केटररनं असेच हिरव्या पानाचे द्रोण आणले होते. “कुजते काका, बेफिकीर राहा,” असं म्हणाला होता. उन्हाळ्यात खत उपसून झाडांच्या बुडाशी टाकलं आणि पहिल्या पाण्यासरशी मातीत सगळीकडे पापुद्रे चमकायला लागले. काकांनी त्या मातीची मूठ रुमालात बांधून आणली आणि देवळाचे सचिव अनंतराव यांच्यासमोर सोडली. “माह्या झाडाच्या मुळात काय भरलं ते पाहून घ्या,” म्हणाले. “मी अजून वेचूनच राहिलो. यंदापासून माही गाडी येणार नाही.”

कामिनी तेव्हा तिथंच होती. “काका, यंदाचा स्वयंपाक मी करून राहिली,” ती म्हणाली होती. “खड्ड्यात जाईल ते माती होणारंच असेल. माहा शब्द.”

त्या शब्दावर आज टेम्पो गल्लीच्या तोंडाशी उभा होता, आणि काका मांडवात पहिल्या रांगेत डोळे मिटून ताईंच्या पदाला मान डोलावत होते.

“हे द्रोण वेगळे जमा करू,” जितेंद्र म्हणाला. “पोती लावू दोन. काकांना कळणारही नाही.”

“मागल्या वर्षीही दोन पोती लावली होती. लोकांनी हाताशी आलं त्यात टाकलं.”

तेवढ्यात अनंतराव दारातून डोकावले. “अहो कामिनीबाई, ताट? ताईंनी दोनदा इकडं पाहिलं. लोकांच्या पोटात कावळे ओरडताहेत.”

“पाचच मिनिटं, काका.”

ते गेले. मांडवात ताईंचं आख्यान खरं म्हणजे संपलं होतं. कृष्णानं शिदोऱ्या सोडवल्या होत्या, काला कालवला होता. पण दारात ताट दिसेना, तेव्हा ताईंनी पेंद्याची शिदोरी पुन्हा बांधली आणि त्याच्या आईनं ती कशी भल्या पहाटे उठून केली तिथून सुरुवात केली. तबलजीनं चमकून पाहिलं आणि ठेका धरला.

कामिनीनं ताट उचललं, पण परत ठेवलं. एक चकचकीत द्रोण पदराखाली घेऊन ती बाहेर पडली.

बायकांच्या बाजूनं पुरुषांच्या रांगेपर्यंत जायचं म्हणजे सगळ्यांसमोरून. माना वळल्या. कोणी तरी “बस ना वं खाली,” म्हणालंसुद्धा. ती वामनरावांजवळ टेकली आणि त्यांच्यापुढं द्रोण धरला.

“काका, ताटल्या शब्द दिला तशाच आहेत. पण द्रोण हे आले. आमच्याच घरातून चूक झाली.”

वामनरावांनी द्रोण घेतला. आतून अंगठा फिरवला. मग उठले आणि मांडवाच्या कडेनं सरळ चालायला लागले. ते टेम्पोकडे निघाले असं कामिनीला वाटलं. पण ते स्वयंपाकघरात शिरले. ती मागोमाग धावली.

“हे माह्या गाडीत चढणार नाही,” त्यांनी द्रोण जितेंद्रसमोर ठेवला. “एकही.”

“मग कढी काय लोकांच्या ओंजळीत वाढू काय, काका?”

“काहून गा? भाताले आळं करत नाही काय तुमच्यात? का कढीले स्वतंत्र खोलीच लागते?”

जितेंद्रला हसू फुटलं, पण लगेच तो गंभीर झाला. “ताटली टेबलावर भरून ठेवली तर तीही ओली होते.”

“भरून ठेवायचीच नाही,” कामिनी म्हणाली. हे ती बोलता बोलताच ठरवत होती. “पंगत बसवू. बादलीतून वाढायचं आणि लगेच खायचं. तेवढा वेळ ताटली टिकते, म्या पाहिलं आहे. फक्त...” ती चुलीवरच्या फोडणीच्या तेलाच्या कढल्याकडे वळली. “तेल कडकडीत नाही वाढायचं, ताटली गळते त्यानं. कोमट, एकच चमचा.”

“गोळाभातावर कोमट तेल?” जितेंद्र हबकला. “नागपुरात? लोक आपल्यालेच तळतील.”

“तळू द्या.”

वामनराव दोघांकडे पाहत होते. “मी पंगतीत बसतो,” एवढंच ते म्हणाले. “ताटली पाहतो. मग गाडीचं ठरवतो.”

मांडवात नामघोष चालू होता. कामिनी कीर्तनाच्या जागेच्या बाजूला गेली. झांजा थांबू न देता ताईंनी कान खाली आणला.

“लोकांना उठू देऊ नका ताई. पंगत इथंच.”

ताईंनी का म्हणून विचारलं नाही. घोष टिपेला गेला, थांबला, आणि त्यांनी हात वर केला. “मंडळी, एक सांगते. काला उभ्यानं खायचा नसतो. गोपाळ मांडी घालून बसले होते, त्यांनी काउंटरपाशी रांग लावली नव्हती! आरती झाली की आहात तिथंच रांगा धरा. चपलांची काळजी करू नका, त्या तशाही आठवडाभर बदलूनच जाताहेत.”

हशा पिकला. अनंतराव तेवढे धावत आले. “हे कोणाला विचारून? मांडववाला येतोय काढायला!”

“त्यालाही बसवा पंगतीत,” ताई म्हणाल्या. दारात जितेंद्रनं धरलेलं ताट दिसलं होतं. त्यांनी आरती सुरू केली.

मग सगळं एकदम अंगावर आलं. भजनी मंडळातले चार-पाच जण वाढायला उठले. ताटल्या, भात, गोळे. “आळं करा हो, आळं करा, कढी येते,” करत कामिनी पुढं, आणि मागून जितेंद्रची बादली. कढी भातात जिरत होती, ताटल्यांच्या बुडाशी काय चाललंय ते कोणाला दिसत नव्हतं. एका ठिकाणी भाताचा बांध फुटला आणि अनंतरावांच्या धोतरावर पिवळा ओघळ गेला. त्यांनी कामिनीकडे असं पाहिलं की पुढच्या वर्षीचं काम तिला तिथंच गेलेलं दिसलं.

“तेल कुठं आहे वं?” एक म्हातारी ओरडली. “गोळाभात आहे का दवाखान्यातलं जेवण आणलं धंतोलीतून?”

बायका हसल्या. कामिनीचे कान तापले. “एवढंच आहे आजी,” ती म्हणाली आणि पुढं सरकली.

वामनराव सगळ्यांत सावकाश जेवत होते. शेजारचे उठले तरी ते एक एक गोळा फोडत बसले होते. शेवटी त्यांनी ताटली दोन्ही हातांनी उचलली आणि उलट्या बाजूनं पाहिली. मधोमध ओलसर डाग होता. त्यांनी तिथं अंगठा दाबला. ताटली वाकली, फाटली नाही. ते हात धुवायला गेले, आणि थोड्या वेळानं टेम्पो गल्लीत देवळापाशी आणल्याचा आवाज आला.

ताटल्यांच्या राशी टेम्पोत चढल्या. वामनराव वर चढून हातानं ढीग चाळत होते. कामिनी खाली उभी होती. आणि मग त्यांचा हात थांबला.

चकचकीत द्रोण, आत कढीचा थेंब.

जितेंद्रचा चेहरा उतरला. “तो माहा, काका,” तो म्हणाला. “कामिनी मांडवात गेली होती तवा मी पेटीवाले आणि तबलेवाले यांच्यासाठी दोन द्रोण भरून ठेवले होते, आरतीनंतर त्यांनी नेले. ते साथीले बसलेले, उपाशी होते. नंतर लक्षातच राहिलं नाही.”

“म्हणजे दोन.”

“दोन.”

“दुसरा सापडला नाही तर मी सगळं इथंच उलटं करीन, पोरी,” वामनराव कामिनीला म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. “मागल्या वर्षी एका एका पापुद्र्यासाठी मी गुडघ्यावर बसलो.”

कामिनीनं पदर खोचला आणि टेम्पोत चढली. मागून जितेंद्र, सणाचा पांढरा सदरा घालून. दोघं एक एक ताटली उचलून बाजूला ठेवू लागली. चारशे माणसांचं उष्टं. कढी कोपरापर्यंत आली. गल्लीत माणसं थांबून पाहत होती. अनंतराव “अहो, राहू द्या, बरं दिसत नाही,” म्हणाले. दोघांनीही वर पाहिलं नाही. अर्धा ढीग झाला तरी द्रोण नव्हता.

अरुंधतीताई निघाल्या होत्या. टेम्पोपाशी थांबून त्यांनी काय चाललंय ते विचारलं आणि मागं वळल्या. “काय हो तबलजी, तुमचा द्रोण कुठे टाकलात?”

तबलजी एकदम लाजले. तबल्याच्या पिशवीतून त्यांनी रुमालात गुंडाळलेला द्रोण काढला, वर ताटलीचा तुकडा झाकण म्हणून. “टाकला नाही ताई. आईला कढी आवडते. घरी नेत होतो. गळत नाही, चांगला आहे हा द्रोण.”

जितेंद्र मटकन खाली बसला, ताटल्यांच्या ढिगातच. वामनरावांनी तबलजींकडे पाहिलं, द्रोणाकडे पाहिलं, आणि पहिल्यांदा त्यांच्या मिशा हलल्या. “आईले द्या,” ते म्हणाले. “पण द्रोण मातीत नका टाकू.”

कामिनी खाली उतरली. हात धुवायला बसली. वामनराव तांब्यातून पाणी घालत होते.

“खड्डा उन्हाळ्यात उपसतो,” ते म्हणाले. “तवा येजो. तुह्या डोळ्यानं पाहजो. काही चमकलं तर सगळं वेचायले तूच लागशील.”

“येते, काका.”

ते गाडीत बसले. टेम्पो मागं मागं सरकत गल्लीबाहेर निघाला. सदऱ्यावर पिवळे डाग घेऊन जितेंद्र पुढं धावत होता, दुचाक्या हटवत, “येऊ द्या काका, येऊ द्या,” असं ओरडत.