एका डॉलरला विकलेली मशीन

मी भरतकामाची मशीन बोलतेय. पंधरा सुया, एक डोकं आणि साऱ्या गल्लीला ऐकू जाणारा आवाज. अमेरिकेतल्या मेम्फिस शहराच्या चर्चांमध्ये रविवारी जे गायक उभे राहतात, त्यांच्या झग्यांवरचे सोनेरी क्रूस बहुतेक माझ्याच हातचे. 'बहुतेक' ही थोडी फुशारकी समजा.

माझा जन्म जपानमधल्या कारखान्यात झाला, पण जगायला लागले ती लव्होनिया बॅटल यांच्या भाड्याच्या घरात. अठरा वर्षांपूर्वी बाईंनी मला रोख पैसे मोजून घेतलं. त्यांची मुलगी टालिया माझ्या टेबलाखाली झोपायची. माझ्याच कमाईवर ती नॅशव्हिलच्या कॉलेजात गेली.

मग बाईंचे यजमान रॉइस यांची मूत्रपिंडं गेली. दोन वर्षं इस्पितळ चाललं. विम्यातून सुटलेलं बिल क्रेडिट कार्डावर, त्या कार्डाची मर्यादा संपली की दुसरं कार्ड. रॉइस गेले आणि पत्रं येऊ लागली. बाई ती न उघडताच माझ्या दोऱ्यांच्या खणात कोंबायच्या. माणसांचा हा एक समज मला कधीच कळला नाही, की पाकीट बंद ठेवलं म्हणजे आतला मजकूर थांबून राहतो.

कार्डवाल्यांनी दावा लावला तेव्हा दिवाळखोरीचा अर्ज करण्यावाचून इलाज उरला नाही. बाईंचे भाऊ एझेल चर्चचे डीकन, म्हणजे पाद्रीबाबांच्या हाताखालचे कारभारी आहेत. त्यांनी फर्मावलं, "दिवाळखोरी कायद्याच्या तेराव्या कलमाखाली कर. पाच वर्षं थोडं थोडं फेडायचं. सातवं कलम म्हणजे जास्तीचा माल कोर्टाला देऊन उरलेलं कर्ज माफ करून घेणं, सरळ हात वर करणं. आणि काहीही कर, आधी ही मशीन माझ्या नावावर कर. नाहीतर कोर्टाचा माणूस उचलून नेईल."

एका डॉलरला मी विकली गेले. कागदावर दोन सह्या झाल्या आणि तिघांनी मला चर्चच्या तळघरात नेऊन जुन्या पडद्याखाली झाकलं. तिथे तीन आठवडे ओल खात बसले. वर गायक सराव करायचे, मागच्या वर्षीचे उसवलेले झगे घालून.

टालिया घरी आली आणि तिला गालिच्यावर फक्त माझ्या चार पायांचे खड्डे दिसले. त्याच संध्याकाळी ती आईला आणि मामाला घेऊन तळघरात उतरली. पडदा तिने एका झटक्यात ओढला.

"आई, अर्जात प्रश्न आहे. अलीकडे काय विकलंस, कुणाला दिलंस? काय लिहिणार आहेस?"

"ते लिहायचंच नाही."

"म्हणजे शपथेवर खोटं! मग मशीनही जाईल आणि कर्जही राहील."

"पोरी, आवाज खाली," एझेलमामा म्हणाले. "देवाचं घर आहे हे."

"मग देवाच्या घरात माल कशाला लपवलात, मामा? आणि तेरावं तुम्ही स्वतः तीनदा केलंत. साठांपैकी जास्तीत जास्त किती हप्ते भरलेत?"

मामा भिंतीकडे बघत म्हणाले, "अकरा."

"मग?"

"मग हप्ते थकले आणि ट्रक जप्त झाला."

"तेरावं वाईट नाही. ज्याच्या घराचे हप्ते थकलेत, घर वाचवायचंय आणि दरमहा पगार येतो, त्याच्यासाठी ते आहे. आपलं घर भाड्याचं. आईची कमाई ईस्टरला आणि नाताळला. जुलैचा हप्ता कशातून भरायचा?"

"पण लोकांचे पैसे बुडवायचे?" बाई पुटपुटल्या.

"बाबांच्या इस्पितळाचे पैसे आहेत ते, आई. तू काय मौज केलीस?"

बाईंनी माझ्यावर हात ठेवला. म्हणाल्या, "सातवं करू. आणि हिला घरी न्या." त्यांनी पिशवीतून तो एका डॉलरचा कागद काढला आणि फाडायला घेतला.

"फाडू नकोस!" टालिया ओरडली. "तोही वकिलाला दाखवायचाय."

मी घरी आले. अर्जात सगळं लिहिलं गेलं, विक्री आणि परत आणणं दोन्ही. तरी धाकधूक होतीच. सातव्या कलमात ठराविक किमतीपर्यंतचीच चीजवस्तू कर्जदाराकडे राहू देतात. माझी किंमत कायद्याच्या मर्यादेपेक्षा जास्त निघाली असती, तर मी लिलावात गेले असते.

किंमत ठरवणारा माणूस आला. माझं झाकण उघडून म्हणाला, "मॉडेल बंद झालंय. सुटे भाग मिळत नाहीत. बाराशे डॉलर, तेही कुणी घेतली तर."

माझा असा संताप झाला! अठरा वर्षं, हजारो क्रूस, आणि बाराशे? पण टालिया खुशीत टाळ्या पिटत होती. बाराशे मर्यादेच्या खूप आत होते.

मग कोर्टाच्या माणसाने बाईंना शपथेवर विचारलं, मशीन मधल्या काळात कुठे होती? "चर्चच्या तळघरात. चूक माझी," बाई म्हणाल्या. उत्तराची नोंद झाली आणि पुढचा प्रश्न आला.

काही महिन्यांनी कोर्टाचं पत्र आलं. बाईंनी ते दारातच, उभ्या उभ्या उघडलं. कर्ज माफ झालं होतं.

गेल्या रविवारी एझेलमामा प्लॅस्टिकची पिशवी घेऊन आले. आत बंद पाकिटं. "टालिया, जरा बघतेस का?"

"बघते. आधी सांगा, काय लपवलंय आणि कुठे?"

मामा खुर्चीवर बसले. "गवत कापायचं यंत्र. पाद्रीबाबांच्या गॅरेजमध्ये."

तर वाचकहो, तुमच्या खणात कोंबलेली पाकिटं आजच उघडा. जे तुम्हाला पोसतं ते तळघरात ढकलू नका, उजेडात ठेवा आणि त्याच्यासाठी भांडा. मला आता जास्त बोलायला वेळ नाही. ईस्टर तोंडावर आलाय, चाळीस झगे बाकी आहेत आणि बाई सोनेरी दोरा ओवतायत.