मुसफ्फातलं रोम

चंद्रहास टिपणीसला प्रोफेसर व्हायचं होतं आणि झाला तो लोखंडी गेटांचा कंत्राटदार. पुण्यात प्राचीन इतिहासात एम.ए. करूनही नोकरी मिळेना, तेव्हा मामाच्या ओळखीनं तो अबू धाबीला एका कंपनीत स्टोअरकीपर म्हणून आला आणि दहा वर्षांत मुसफ्फाच्या औद्योगिक वसाहतीत फॅब्रिकेशनची स्वतःची शेड टाकून बसला. इतिहास मात्र सुटला नाही. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, असं त्याची बायको लतिका म्हणायची.

शुक्रवारी त्यांच्या फ्लॅटवर चार मराठी कुटुंबं जेवायला जमायची. मटणाची दुसरी वाटी संपली की चंद्रहासचं रोम सुरू व्हायचं.

"रोमनं इटली नुसत्या तलवारीनं जिंकली असं वाटतं तुम्हाला? छे! हरलेल्या गावाला ते म्हणायचे, तुमचे देव तुमच्याकडे, तुमचे कायदे तुमच्याकडे. आम्हाला कर नको. फक्त लढाई आली की माणसं द्या. बास! म्हणून तर रोमचा शत्रू हानिबाल पंधरा वर्षं इटलीत फिरला, तरी बहुतेक मित्र फुटले नाहीत. रोमची अर्धी फौज तर या मित्रांचीच होती."

"आणि त्या मित्रांना काय मिळायचं?" लतिकानं एकदा वाढता वाढता विचारलं.

"रोमची मैत्री," चंद्रहास म्हणाला. सगळे हसले. लतिका हसली नाही.

हे नुसतं बोलणं असतं तर कुणाचं काही बिघडलं नसतं. पण चंद्रहासनं धंदाही तसाच केला. शेजारी आझमगढच्या खैरुद्दीनचं रिपेअरिंगचं छोटं वर्कशॉप होतं. एका मंदीत ते बुडायला आलं. दुसऱ्या कुणी मशिनं मातीमोल भावात उचलली असती. चंद्रहास म्हणाला, "खैरुद्दीन, बोर्ड तुझा, लायसन्स तुझं, माणसं तुझी. काम मी देतो. फक्त मला माणसं लागली की द्यायची." खैरुद्दीनचे डोळे भरून आले. तेव्हापासून त्याची माणसं चंद्रहासच्या साइटवर राबू लागली. एकाच्या व्हिसावरचा माणूस दुसऱ्याकडे कामाला लावणं बेकायदा होतं, पण मुसफ्फात हे कोण करत नव्हतं?

चंद्रहास-लतिकाला एकच मुलगा, सिद्धार्थ. अबू धाबीत जन्मलेला, मुखदुर्बळ. बारावीनंतर त्याला पुण्याला इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलवर ठेवलं, रिवाजाप्रमाणे. पोरांनी त्याचं काय केलं ते त्यानं कधी सांगितलं नाही. पहिल्या वर्षातच लतिकाच्या भावानं त्याला परत आणून सोडलं, तेव्हा शर्ट खुंटीवर टांगल्यासारखा त्याच्या अंगावर लोंबत होता. तो बोलायचा बंद झाला होता. आईशीसुद्धा. लतिका रात्ररात्र त्याच्या दाराबाहेर बसायची, कारण तो आतून कडी लावून घ्यायचा.

त्याला सुधारलं ते शेडनं. चंद्रहास एकदा त्याला बरोबर घेऊन गेला आणि तो वेल्डिंगच्या ठिणग्या बघत उभा राहिला. दुसऱ्या दिवशी स्वतःहून गाडीत बसला. मग गेटांची डिझाइनं काढू लागला, खैरुद्दीनच्या जहूर नावाच्या फिटरबरोबर जेवू लागला आणि एके दिवशी घरी येऊन म्हणाला, "आई, जहूर मेक्स बेटर दाल दॅन यू." लतिका स्वयंपाकघरात जाऊन रडली.

म्हणजे सिद्धार्थ इथेच राहायला हवा होता. पण इथला नियम असा, की मुलगा अठराचा झाला आणि शिकत नसला की बापाच्या व्हिसावर राहता येत नाही. त्याला नोकरीचा व्हिसा हवा. चंद्रहासचा व्हिसांचा कोटा भरलेला होता. खैरुद्दीनकडे एक जागा होती. त्यानं एका शब्दावर दिली. "साब, अपना बच्चा है." तेव्हापासून सिद्धार्थ कागदोपत्री खैरुद्दीनचा हेल्पर होता आणि रोज बसायचा मात्र बापाच्या शेडमध्ये.

शहाण्णव साली सरकारनं माफी जाहीर केली. ज्यांचे कागद ठीक नाहीत त्यांनी मुदतीत देश सोडावा किंवा कागद सरळ करावेत, नंतर गय नाही. लाखो माणसं गेली. मुदत संपली आणि तपासणीच्या गाड्या फिरू लागल्या.

तेव्हा चंद्रहासकडे खलिफा सिटीतल्या व्हिलांच्या गेटांचं काम होतं, तारीख ठरलेलं. लतिकानं सांगून पाहिलं, "अहो, महिनाभर काम थांबवा. माणसं पकडतायत."

"थांबवलं तर कंत्राट जाईल." त्यानं टेबलावर काड्यापेटी ठेवली आणि तिच्यापुढे चमचे मांडले. "हे बघ. ब्रिटनच्या उत्तर टोकाला लढाई झाली. रोमन सेनापतीनं काय केलं? मित्रांच्या आणि परक्यांच्या तुकड्या पुढे उभ्या केल्या. स्वतःचं रोमन सैन्य मागे, छावणीच्या तटाशी. परके लढले, जिंकले. रोमन रक्ताचा थेंब न सांडता विजय! माझी माणसं शेडमध्ये राहतील. खैरुद्दीनची साइटवर जातील. आणि सिद्धार्थ घरी बसेल, अगदी तटाच्या आत."

"आणि खैरुद्दीनची पकडली तर?"

"अगं, पकडली तर बघू."

लतिका गप्प बसली. मुलगा घरात राहणार होता, म्हणून गप्प बसली. आईच ती, तिनं एवढाच हिशेब केला.

आणि पकडलीच. भर दुपारी दोन गाड्या खलिफा सिटीत आल्या आणि जहूरसकट आठ जणांना घेऊन गेल्या. काम कुणाचं, तुम्हाला इथे कोणी आणलं, असं विचारल्यावर आठही जण गप्प राहिले. संध्याकाळी खैरुद्दीनचा फोन आला. उद्या त्याला जबानी द्यायला बोलावलं होतं.

"साब, क्या बोलूँ?"

"बोल, काम तूनेच लिया था. मेरा नाम बीच में मत ला. मेरा नाम आया तो दोनों खलास. मैं बचा तो तुझे फिर खडा कर दूँगा."

"मेरा लायसन्स तो शेड के अंदर का है, साब. बाहर काम किया बोलूँगा तो दुकान बंद कर देंगे."

"बंद हुई तो नई खोलेंगे, इन्शाल्ला."

मग खैरुद्दीन म्हणाला, "और सिद्धार्थ बाबा?"

"वो घर पे है. एकदम सेफ. तू उसकी फिकर मत कर."

खैरुद्दीननं दुसऱ्या दिवशी सगळं स्वतःवर घेतलं. मित्र फुटला नाही. चंद्रहासनं त्या शुक्रवारी हानिबालची गोष्ट पुन्हा सांगितली आणि आवाजात विजय होता. ऐकणाऱ्यांना काही माहीत नव्हतं, म्हणून त्यांनी माना डोलावल्या.

पुढच्या आठवड्यात खैरुद्दीन घरी आला. दोन दिवस दाढी केलेली नव्हती. सोफ्यावर बस म्हटलं तरी तो खुर्चीच्या कडेला टेकला. लतिकानं पाणी दिलं.

"दुकान बंद कर दी, साब. लायसन्स कॅन्सल. लायसन्स गया तो जितने मेरे व्हिसे पे हैं, सबका व्हिसा कॅन्सल. सबको जाना है. सबके ऊपर बॅन भी है, वापस नहीं आ सकते." तो लतिकाकडे बघू शकत नव्हता. "सिद्धार्थ बाबा को भी, भाभीजी."

चंद्रहास ताडकन उठला.

"अरे, तो पहले उसको दूसरी जगह ट्रान्सफर करना था ना! बताना था मुझे!"

"मैंने पूछा था, साब. फोन पे." खैरुद्दीनचा आवाज चढला नाही. "आपने कहा, फिकर मत कर."

चंद्रहासच्या डोक्यात सिद्धार्थ रोमन होता. रोमनाचा मुलगा मित्राच्या फौजेत असतो, हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. त्याच्या पुस्तकांत तसं कुठे घडत नाही.

आतल्या खोलीचं दार उघडून सिद्धार्थ बाहेर आला होता. सगळं ऐकलं असावं, त्या संध्याकाळचा फोनसुद्धा. "बाबा," तो शांतपणे म्हणाला, "यू टोल्ड हिम टु टेक द ब्लेम. आय वॉज ऑन हिज साइड." मग खैरुद्दीनला विचारलं, "जहूर कब जाएगा?"

"जहूर गया, बेटा. परसों."

सिद्धार्थ आत गेला आणि त्यानं कडी लावली.

चंद्रहास मग आठ दिवस वणवण फिरला. आपल्या अरबाच्या, म्हणजे ज्याच्या नावावर त्याची शेड होती त्या स्पॉन्सरच्या, मजलिसीत तीन वेळा जाऊन बसला. स्पॉन्सरनं कडू कॉफीचा गहवा पाजला, पाठीवर हात ठेवला आणि सांगितलं, "हबीबी, बॅन असेल तर मी काय करणार? इन्शाल्ला, पुढे बघू." घरी येऊन चंद्रहास म्हणाला, "एवढी वर्षं त्याला नेमानं पैसे देतोय आणि वेळ आली तर..."

"तर काय?" लतिका कपाटातले कपडे काढत होती. "अहो, आपण रोम होतो कधी? आपणसुद्धा दुसऱ्याच्याच परवानगीवर जगतोय इथे. तुम्ही त्या बिचाऱ्यांना पुढे उभं केलंत आणि मी बघत बसले. माझं पोर वाचतंय म्हणून. थू आपल्या दोघांवर." ती हमसून रडली, आणि रडता रडता घड्या घालत राहिली. "मी जातेय त्याच्याबरोबर. तुम्ही येताय का?"

चंद्रहासकडे शेड होती, तिच्यात चाळीस माणसं होती, खलिफा सिटीचं काम अजून अर्धं होतं. येतो, असं म्हणायला एक श्वास पुरला असता. तो म्हणाला, "हे काम संपलं की बघतो."

काम संपलं. दुसरं आलं. कंत्राट वाचलं होतं, लायसन्स वाचलं होतं, नाव कुठे आलं नव्हतं. खैरुद्दीन आझमगढला गेला. त्याच्या शेडला कुलूप पडलं, आणि पुढे ती शेडही चंद्रहासनंच भाड्यानं घेतली.

शुक्रवारी फोन स्वस्त असायचा. रिकाम्या फ्लॅटमधून तो पुण्याला लावायचा. लतिका चार वाक्यांत औषधाचं, डॉक्टरचं सांगायची आणि म्हणायची, "देते त्याला."

रिसीव्हर हातात दिल्याचा आवाज यायचा. मग चंद्रहास बोलायचा. गेटाचं नवं डिझाइन, नवा वेल्डर, करपलेला भात, काहीही. "सिद्धार्थ? ऐकतोयस ना रे?" पलीकडून श्वास ऐकू यायचा. तेवढाच. फोनकार्डावरचे पैसे संपेपर्यंत चंद्रहास एकटा बोलत राहायचा.