मुठीतला उंदीर

बुद्धजयंतीच्या आदल्या दिवशी धम्मपाल कोपरीतल्या चाळीच्या पॅसेजमध्ये पताका बांधत होते. स्टूल लागत नव्हतं. शेजारच्या रखमाबाई म्हणाल्या, "भाऊ, डोकं सांभाळा, पंखा तुटंल!"

"तुटला तर भरून देतो, वहिनी."

मग नातीसाठी नेहमीचा खेळ झाला. अंगठा तळव्यात आडवा धरायचा नि वरून मूठ मिटायची. धम्मपालांच्या अंगठ्याचं टोक करंगळीपलीकडून बाहेर यायचं. "बघ, उंदीर बिळातनं डोकावला!" सहा वर्षांच्या योगिनीनेही मूठ मिटली. तिचाही उंदीर डोकावला. चाळीतल्या बाकीच्या पोरांचे आतच राहिले, तशी ती ऐटीत हसली.

तिची आई, धम्मपालांची लेक माया, मेथी निवडत होती. आपली मूठ तिने कधी कुणाला दाखवली नव्हती. शाळेत तिला जिराफ म्हणत. स्थळं यायची तेव्हा मावशी बजावायची, "जरा वाकून उभी राहा." तू कुणावर गेलीस, असं कुणी विचारलं की माया घाईने सांगायची, "आजीवर." तिची ती आजी जेमतेम दाराच्या कडीपर्यंत पोचायची. बाबा ऐकायचे, जाड चष्मा पुसायचे आणि म्हणायचे, "ताठ चाल गं."

बुद्धजयंतीच्या पहाटे बाबांच्या पाठीत कळ आली, दोन्ही खांद्यांच्या मधोमध. गॅस असेल म्हणून मायाच्या आईने ओवा-मीठ दिलं. कळ थांबेना, तेव्हा रिक्षाने कळव्याच्या एका इस्पितळात नेलं. हृदयातून निघणारी मोठी रक्तवाहिनी फाटली होती. ऑपरेशनची तयारी होईतो ते गेले.

बाकावर योगिनी एकटीच मूठ मिटत-उघडत बसली होती. डॉक्टर क्षिप्रा तिच्यासमोर थांबल्या. "पुन्हा करून दाखव बरं." मग त्यांनी मायाला विचारलं, "आजोबांच्या डोळ्यातलं भिंग सरकलेलं होतं का?"

"हो. लहानपणीच."

"छातीत खळगा?"

"होता."

"बहुतेक मार्फनचा आजार. शरीराला बांधून ठेवणारे धागे जन्मतःच सैल असतात. हातपाय, बोटं लांब होतात. हृदयातून निघणारी मोठी नळीही हळूहळू फुगते, पण ती दिसत नाही. आईवडिलांपैकी एकाला असेल तर प्रत्येक मुलाला निम्मी शक्यता. मुलगा काय, मुलगी काय. तुम्ही दोघी हृदयाची सोनोग्राफी करून घ्या."

बाबांचं पुण्यानुमोदन झाल्यावर माया आईला आणि योगिनीला घेऊन ठाण्यातल्या दवाखान्यात गेली. आई पडद्याबाहेर बसली. तपासणीच्या टेबलावरून मायाची पावलं बाहेर आली, तशी तिने सवयीने गुडघे मुडपले.

म्हातारे डॉक्टर बराच वेळ मशीनच्या स्क्रीनकडे बघत होते. "नळी रुंद झालीय. ऑपरेशनाइतकी नाही, वेळेवर आलात. गोळी सुरू करू आणि ठरावीक काळाने मोजत राहू. आता मुलीला घेऊ."

योगिनीने विचारलं, "आई, दुखतं?"

"नाही गं. फक्त गार लागतं."

डॉक्टरांनी कागद पुढे ओढला. "हे आईकडून की वडिलांकडून? कुणावर गेलात तुम्ही?"

मायाच्या तोंडात सवयीचं उत्तर तयार होतं. तिने ते गिळलं. मुडपलेले पाय सरळ केले. टाचा टेबलाबाहेर गेल्या.

"बाबांवर," ती म्हणाली. मग पडद्याबाहेर आईला ऐकू जाईल अशा आवाजात पुन्हा म्हणाली, "मी बाबांवर गेलेय."