शिंपीकाकांच्या बंदुकीवरची दुर्बीण

मित्रांनो, मी एक जुनी दुर्बीण आहे. तारे दाखवणाऱ्या माझ्या थोरल्या बहिणी वेगळ्या. मी छऱ्याच्या बंदुकीवर बसणारी, स्वस्तातली. कारखान्यातून माझ्यासारख्या ढिगाने निघाल्या. दुकानात मला सगळ्यात खालची फळी मिळाली आणि तिथे मी धूळ खात पडले.

एके दिवशी शिंपीकाका आणि काकू आपली छऱ्याची बंदूक घेऊन आले. काकांनी शिवणाचं दुकान मुलाच्या हाती सोपवलं होतं. परसातल्या पुठ्ठ्यावर नेम धरणं एवढाच त्यांचा शौक उरला होता, पण नेम धरायची, नळीच्या टोकावरची माशी त्यांना आता धूसर दिसे. त्यांचा हात गेला तो एका लांबलचक, चकचकीत दुर्बिणीकडे.

"ती नको, काका," दुकानदार म्हणाला. "या बंदुकीची स्प्रिंग मागेही झटका देते आणि पुढेही. ती दुर्बीण महिन्याभरात खिळखिळी होईल. ही छोटी घ्या. स्वस्त आहे, पण दोन्ही धक्के सोसते आणि जवळचं स्पष्ट दाखवते."

"अगदीच काडीपैलवान दिसते," काका म्हणाले.

"तुम्ही तरी कुठे पैलवान होतात? मी केलंच ना पसंत," काकू म्हणाल्या आणि मला घरी घेऊन आल्या.

ते दिवस फार सुखाचे होते. रोज संध्याकाळी काका माझ्यातून बघत, छरा मधोमध लागे आणि काकू पुठ्ठ्याजवळ जाऊन तसं सांगत. शेजारीपाजारी माझं कौतुक करू लागले, तशी मी हरभऱ्याच्या झाडावर चढले.

पुढे काकांचं कोपर दाराच्या चौकटीवर आपटू लागलं. शेजारी ठेवलेला कप लवंडू लागला. "अहो, डोळे दाखवून या ना," काकू मागे लागत.

काका हसत. "नेम बघ माझा. डोळे बिघडले असते तर लागला असता का?"

मी समोरचं एवढंसं वर्तुळ दाखवते, आणि तेवढं त्यांना नीट दिसत होतं. बाजूचं सगळं विझत चाललं होतं. अखेर ते डोळे दाखवायला गेले तेव्हा डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. "गेलेली नजर परत येत नाही. लवकर यायला हवं होतं," ते म्हणाले. माझ्या भरवशावर उशीर झाला, याचं मला अजून वाईट वाटतं.

औषधं सुरू झाली, तरी ते वर्तुळही हळूहळू अंधारलं. काकांचं मन रमावं म्हणून काकू त्यांना परसात बसवत, नळी भिंतीकडे सरळ करून देत, मागे उभ्या राहत आणि मग पुठ्ठा बघून येत. "अगदी मधोमध," त्या म्हणत. छरे भिंतीत जात होते.

एका संध्याकाळी काकांनी छरा बोटांत घेतला आणि गुपचूप खिशात टाकला. रिकाम्याच बंदुकीचा चाप ओढला. काकू पुठ्ठ्यापर्यंत गेल्या.

"अगदी मधोमध बरं का," त्या म्हणाल्या.

काकांनी बंदूक मांडीवर आडवी ठेवली. मग म्हणाले, "अगं, हल्ली खांदा फार दुखतो. पुरे करूया आता हे." खांद्याला काहीही झालेलं नव्हतं.

तेव्हापासून मी खिडकीजवळच्या फडताळात असते. मित्रांनो, माझ्या काचा पुसायच्या राहिल्या तर राहू द्या. पण घरातलं कुणी चौकटीला धडकू लागलं, तर त्याच्या हसण्यावर जाऊ नका. त्याला हाताला धरून डॉक्टरांकडे न्या.

काकू अजून रोज संध्याकाळी काकांच्या खांद्याला तेल चोळतात, आणि काका निमूटपणे चोळून घेतात.